घरचा वारसा माती आणि रंगात: बडोद्यात पहिला मिश्रमाध्यम फलक कसा करावा

या लेखात भिंतीवर टांगायचा एक फलक पहिल्या टप्प्यापासून शेवटपर्यंत करायला शिकवलं आहे. आकार ९० बाय ६० सेंटिमीटर, आडवा. एका बाजूला भाजलेल्या मातीच्या नऊ टाइल्सचा चौकोन, बाकीच्या जागेत रंगवलेलं चित्र. विषय तुमचं स्वतःचं घराणं. चित्रकला थोडीफार येते पण मातीला कधी हात लावलेला नाही, किंवा मातीकाम येतं पण ब्रशची भीती वाटते, अशा दोन्ही प्रकारच्या नवशिक्यांना हे जमेल.

सुरुवातीलाच एक नियम ठरवून घ्या. घरातली जी गोष्ट हाताला माहीत आहे ती मातीत करायची आणि जी डोळ्याला माहीत आहे ती रंगात. बरणीचा खडबडीत बूड, लुगड्याचा काठ, सोऱ्यातून पडणारी चकली, जात्याचे टाके हा स्पर्शाचा ऐवज आहे. माती तो जसाच्या तसा उचलते. खिडकीतला उजेड, माणसाची बसण्याची ढब, भिंतीचा उडालेला निळा रंग यांसाठी रंगच हवेत. हा नियम पाळला नाही, तर टाइलवर चेहरा कोरण्यात आणि कॅनव्हासवर पोत उठवण्यात महिने जातात आणि दोन्ही माध्यमं लंगडी राहतात.

दुसरं, काम नेहमी मातीपासून सुरू करा. टाइल भट्टीतून किती आकाराची आणि कोणत्या रंगाची बाहेर येईल हे भाजल्यावरच कळतं. रंग मात्र कधीही बदलता येतो. आधी चित्र पूर्ण करून मग त्यात बसणाऱ्या टाइल्स करायला गेलात, तर त्या चार मिलिमीटरनं हुकतात आणि मग ज्यावर टाइल्स आणि चित्र बसतं तो सगळा लाकडी फलाट कापत बसावं लागतं.

पहिल्या फलकाला अडीच ते तीन महिने धरा. बडोद्यात हे काम दिवाळीनंतर सुरू करणं सर्वांत सोयीचं. आषाढ-श्रावणात टाइल्स सुकायला दोन-तीन आठवडे लागतात आणि वैशाखाच्या झळांत त्यांच्या कडा दुपारभरात वर उचलल्या जातात.

घरातून काय घ्यायचं

बडोद्यातली बरीच मराठी घरं गायकवाडांच्या राज्यकारभाराच्या निमित्तानं इथे येऊन रुजली. त्यामुळे रावपुरा, दांडिया बाजार भागातल्या जुन्या घरांत मोडी कागद, पगडीतले फोटो, सांखेड्याचं लाखकाम केलेला पाळणा, लोणच्याच्या दुरंगी बरण्या असं बरंच काही निघतं. सगळं एकाच फलकावर मांडावंसं वाटतं, आणि मग फलक संग्रहालयातल्या कपाटासारखा दिसायला लागतो. एक वस्तू, एक माणूस आणि एक जागा एवढंच निवडा. उदाहरण म्हणून इथे आजीची बरणी, आजी आणि तिच्या स्वयंपाकघराची खिडकी धरून चालू.

घरातल्या मोठ्यांशी बोलताना प्रश्न नेमके ठेवा. ‘आजीबद्दल काही सांगा ना’ म्हटलं की ती किती प्रेमळ होती एवढंच हाती येतं. ‘आत्या, बरणी कुठल्या फळीवर असायची? तोंडाला दादरा कोणत्या कापडाचा बांधायचे? लोणचं काढायला कोणाला परवानगी होती? खिडकीतून ऊन सकाळी यायचं की दुपारी?’ असं विचारलं की चित्राला लागणारी माहिती मिळते. बोलणं फोनवर रेकॉर्ड करून ठेवा, पण आधी विचारून.

जुने फोटो ६०० डीपीआयवर स्कॅन करा. तळहातापेक्षा लहान फोटो असेल तर १२०० वर. अल्बमला चिकटलेला फोटो सोलू नका, अख्खं पान स्कॅन करा. काम पुढे फक्त छापील प्रतीवर करायचं, मूळ फोटो परत पाकिटात.

मोडी कागद वापरण्याआधी मोडी वाचता येणाऱ्या माणसाकडून तो वाचून घ्या. अक्षरं सुंदर दिसतात म्हणून टाइलवर उतरवलेला मजकूर वाटणीचा किंवा कर्जाचा निघाला, तर तो भिंतीवर लावण्याबद्दल काकांचं आणि तुमचं मत वेगळं असू शकतं. देव्हाऱ्यातले टाक किंवा पूजेची भांडी मातीत दाबायची असतील तर तेही घरात विचारूनच.

तीन जागा पाहून घ्या

मातीला हात लावण्याआधी एक-दोन रविवार पाहण्यात घालवा. रावपुऱ्यातला तांबेकर वाडा हा बडोद्याचे दिवाण भाऊ तांबेकर यांचा. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या देखरेखीखाली आहे. आतल्या भित्तिचित्रांत कृष्णकथा, महाभारत आणि इंग्रज-मराठा लढाईचे प्रसंग एकाच घराच्या भिंतींवर नांदतात. चित्रं खांब आणि कोनाड्यांशी कशी जुळवून घेतात ते टिपून घ्या. टाइल्सचा चौकोन आणि चित्र यांच्यात तुम्हाला तेच साधायचं आहे.

कीर्तिमंदिरात नंदलाल बोस यांची चार भित्तिचित्रं आहेत: गंगावतरण, महाभारताचं युद्ध, मीरेचं जीवन आणि नटीर पूजा. गायकवाड घराण्याच्या स्मृतिमंदिरात भिंतींवर या कथा रंगवल्या गेल्या, हे आपल्या कामासाठी लक्षात घेण्यासारखं आहे. घराण्याबद्दल बोलायला प्रत्येक वेळी चेहरेच लागत नाहीत.

चेहरे आणि वस्त्रं हवी असतील तर महाराजा फत्तेसिंह संग्रहालयात राजा रविवर्मा यांची चित्रं पाहा. नऊवारीची निरी, काठाची वळणं आणि दागिन्यांवरची चमक किती थोड्या ठिपक्यांत येते ते जवळून बघा. बडोद्याच्या सिरॅमिकबद्दल बोलताना ज्योत्स्ना भट्ट (१९४०–२०२०) यांचं काम टाळून पुढे जाता येणार नाही. त्यांनी फाइन आर्ट्स फॅकल्टीत अनेक वर्षं शिकवलं. त्यांची मांजरं, पक्षी, कमळं पाहताना झिलई, म्हणजे मातीवर भाजून चढवलेला काचेसारखा थर, किती मंद ठेवली आहे याकडे लक्ष द्या. चित्राशेजारी बसणाऱ्या टाइलला अशीच मंद, मॅट झिलई शोभते. चकचकीत झिलईत समोरच्या ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पडतं आणि शेजारचं चित्र मळकट वाटतं.

माती

पहिल्या कामाला माती विकत घ्या. विश्वामित्रीच्या काठावरून खणून आणण्याचा विचार करू नका: नदीत मगरी आहेत, सांडपाणी आहे आणि गाळात काय मिसळलं असेल त्याचा भरवसा नाही. कुंभाराकडून मळलेली लाल माती मिळते किंवा सिरॅमिकच्या दुकानातून तयार टेराकोटा माती. दहा किलो पुरते. हिशोब असा: एक ओली टाइल साधारण अर्ध्या किलोची, नऊ हव्यात म्हणून बारा-तेरा करायच्या, बाकी माती चाचणीला आणि कातरणात जाते.

कुंभाराची माती माठासाठी बारीक केलेली असते आणि सपाट टाइल म्हणून ती वाकते. तिच्यात वजनाच्या २० टक्के ग्रॉग, म्हणजे भाजलेल्या मातीचा बारीक भुगा, मळून घ्या. भुग्यामुळे माती कमी आक्रसते आणि आतली वाफ बाहेर पडायला वाट मिळते.

गुजरातच्या मैदानी मातीत चुन्याचे खडे असतात. भट्टीत त्यांचा कळीचा चुना होतो, पुढे हवेतला ओलावा शोषून तो फुगतो आणि टाइलचा टवका उडतो. हे भट्टीतून काढल्यावर लगेच दिसत नाही. हिवाळ्यात भाजलेली टाइल पावसाळ्यात फुटते तेव्हा बहुतेक वेळा कारण हेच असतं. मातीचा सुका तुकडा घेऊन त्यावर व्हिनेगर टाका. फेस आला तर ती माती पातळ करून ६० नंबरच्या चाळणीतून गाळा, किंवा सरळ दुसरी माती घ्या.

आता आक्रसण्याची चाचणी, जी कोणीही टाळू नये. १४ सेंटिमीटर लांब, ४ रुंद आणि १ जाड अशी पट्टी करा. तिच्यावर सुईनं बरोबर १० सेंटिमीटरची रेघ ओढा. सुकवून, भाजून पुन्हा मोजा. रेघ ९ सेंटिमीटर भरली तर माती १० टक्के आक्रसते. भाजलेली टाइल १५ सेंटिमीटरची हवी असेल तर १५ भागिले ०.९, म्हणजे १६.७ सेंटिमीटरची ओली टाइल कापायची. रेघ ९.२ भरली तर भागाकार ०.९२ नं. ही पट्टी ज्या भट्टीत पुढे काम भाजणार तिथेच आणि त्याच तापमानाला भाजून घ्या.

टाइल लाटणं आणि ठसे

टेबलावर मांजरपाट पसरा. दोन्ही बाजूंना ९ मिलिमीटर जाडीच्या लाकडी पट्ट्या ठेवा आणि मधली माती जाड लाटण्यानं लाटा. लाटणं पट्ट्यांवर टेकलं की जाडी सगळीकडे सारखी येते. दोन-चार वेळा लाटल्यावर माती उलटा आणि एक चतुर्थांश फिरवा. एकाच दिशेनं लाटलेल्या मातीला ती दिशा लक्षात राहते. सुकताना आणि भाजताना ती त्याच बाजूला वाकते. लाटून झाल्यावर रबरी पट्टीनं दोन्ही बाजू दाबून घासून घ्या. कापलेली टाइल कोपऱ्याला धरून उचलू नका. कापडासकट पाटावर सरकवा.

ठसे घ्यायची वेळ महत्त्वाची. बोट लावल्यावर माती चिकटत नाही पण दाबली जाते, अशी अवस्था हवी. फार ओली असेल तर ठसा उपटला जातो, फार सुकलेली असेल तर कडेला चिरते. वस्तूला आधी कॉर्नफ्लॉवरची पूड लावा. करंजीची कातण, मोदकाचा साचा, बरणीच्या झाकणाचा गोल, दोरखंड, सुपाची वीण यांचे ठसे फार छान उठतात. सोऱ्यातून मऊ माती दाबून निघालेल्या कांड्या थेट टाइलवर चिकटवता येतात. चिकटवायच्या जागी दोन्हीकडे सुईनं ओरखडे काढा, मातीचा घट्ट घोळ लावा आणि दाबा. ओरखडे न काढता चिकटवलेली कांडी सुकल्यावर अलगद गळून पडते. या कामाला लावलेला सोऱ्या पुन्हा स्वयंपाकाला वापरू नये, म्हणून जुन्या बाजारातून वेगळा घ्या.

पैठणीचा किंवा जुन्या लुगड्याचा काठ मात्र मातीत दाबू नका. जरीचे धागे काळवंडतात, माती त्यांत अडकते आणि धुताना कापड विरतं. काठाचा फोटो लिनोलियमवर उतरवून कोरा. मग एक किलो प्लास्टर ऑफ पॅरिसला ७०० मिलिलिटर पाणी या प्रमाणात प्लास्टर कालवून त्यावर ओता. प्लास्टर पाण्यात टाकायचं, पाणी प्लास्टरमध्ये नाही. दोन मिनिटं भिजू द्या, मग हळूहळू ढवळा म्हणजे बुडबुडे कमी येतात. हा साचा दोन-तीन दिवसांत पूर्ण सुकला की त्यात कितीही वेळा माती दाबता येते. प्लास्टरचा कण मातीत गेला तर तोही चुन्याच्या खड्यासारखाच टवका उडवतो, त्यामुळे साच्याच्या कडा घासून गुळगुळीत करून घ्या.

मोडी अक्षरं टाइलवर आणायची पद्धत: अक्षरं आधी ट्रेसिंग कागदावर गिरवा, कागद उलटा करा आणि ती उलटी अक्षरं वर्तमानपत्राच्या कोऱ्या कागदावर काळ्या घोळानं ब्रशनं काढा. घोळाची ओली चमक गेली की कागद टाइलवर पालथा ठेवून चमच्याच्या पाठीनं घासा. कागद उचलल्यावर अक्षरं सुलटी दिसतात. थेट सुलटं लिहून छापलं तर ओळ उलटी येते, आणि मोडी न वाचणाऱ्याला ते कधी कळतही नाही.

रंगीत घोळ याच अवस्थेत लावा, म्हणजे टाइलबरोबर तोही आक्रसतो. पूर्ण सुकलेल्या टाइलवर लावलेला घोळ पापुद्र्यासारखा सुटतो. लाल मातीवर तयार पांढरा एन्गोब, म्हणजे पांढऱ्या मातीचा घोळ, घ्या. त्याच्या १०० ग्रॅम कोरड्या पुडीत ५ ग्रॅम लोह ऑक्साइड घातलं की तपकिरी, एक ते दोन ग्रॅम कोबाल्ट कार्बोनेट घातलं की निळा, ४ ग्रॅम कॉपर कार्बोनेट घातलं की झिलईखाली हिरवा रंग मिळतो. काळ्या अक्षरांसाठी लोह, मँगनीज आणि कोबाल्ट एकत्र असलेला तयार काळा स्टेन, म्हणजे भट्टीत टिकणारी रंगाची पूड, घेणं जास्त खात्रीचं. या पुडी हाताळताना एन-९५ मास्क आणि हातमोजे हवेतच. मातीची धूळ झाडूनं झाडायची नाही, ओल्या फडक्यानं पुसायची. मातीतली सिलिका फुप्फुसात साचते आणि तिथून बाहेर निघत नाही.

सुकवणं

टाइल्स वर्तमानपत्राच्या थरांमध्ये ठेवून खाली-वर प्लायचे तुकडे द्या. रोज कागद बदला. ठसे उठावदार असतील तर वरच्या प्लायऐवजी फक्त कडांवर पट्ट्या ठेवा. बडोद्याच्या हिवाळ्यात सात ते दहा दिवस पुरतात. पंख्याखाली किंवा उन्हात ठेवलेल्या टाइलच्या कडा आधी सुकून आक्रसतात, मधला भाग ओलाच राहतो, आणि ओढाताणीत कड वर येते किंवा चिरते. सुकली का हे पाहायला टाइल गालाला लावा. थंड लागली तर आत अजून पाणी आहे.

भट्टी

घरी भट्टी नसणारच. शहरात स्वतंत्र सिरॅमिक स्टुडिओ आहेत आणि त्यातले काही बाहेरच्यांचं काम भाजून देतात. काम नेण्याआधी तिथे चार गोष्टी विचारा: पहिली भाजणी किती तापमानाला करता, झिलईची किती तापमानाला, भट्टीत टाइल्स ठेवायच्या शेल्फचा आकार काय आणि बाहेरची माती चालते का. मातीचं नाव किंवा पाकीट दाखवा. लाल टेराकोटा चुकून १२४० अंशांच्या भट्टीत गेली तर वितळून शेल्फला चिकटते आणि शेल्फची भरपाई तुम्हाला द्यावी लागते. तसं होणं योग्यच आहे.

भट्टी दुसरं कोणी चालवणार असलं तरी आत काय घडतं ते माहीत असू द्या. १०० अंशांपर्यंत मातीतलं मोकळं पाणी जातं. इथे घाई झाली की वाफेनं टाइल फुटते. साधारण ४५० ते ६०० अंशांत मातीच्या घडणीतलं पाणी सुटतं आणि ५७३ अंशांना मातीतला क्वार्ट्झ, म्हणजे वाळूतलं खनिज, अचानक फुगतो. म्हणून ६०० अंशांपर्यंत ताशी ६० ते ८० अंश, त्यापुढे ताशी १२० ते १५० अंश आणि १००० अंशांना दहा-पंधरा मिनिटं थांबवणं, असा क्रम सपाट टाइलला मानवतो. उतरताना तोच क्वार्ट्झ पुन्हा आकुंचन पावतो. गरम टाइलला एकदम थंड हवा लागू नये, म्हणून भट्टी १०० अंशांच्या खाली आल्याशिवाय उघडू नये म्हणतात. घाईनं उघडलेल्या भट्टीतल्या टाइलला आरपार, धारदार कडेची चीर जाते. सुकताना पडलेली चीर मात्र कडेकडून सुरू होते आणि तिचं तोंड रुंद असतं. चीर कशी आहे ते पाहिलं की चूक कुठे झाली ते कळतं.

नऊही टाइल्सना झिलई लावू नका. चार-पाच तशाच भाजक्या लाल ठेवा, ठसे त्यांवर उत्तम दिसतात. बाकीच्यांना १०४० ते १०६० अंशांची, शिशाविरहित मॅट पारदर्शक झिलई विकत आणून लावा. टाइल ओल्या स्पंजनं पुसा, दोन-तीन सेकंद बुडवा, पाठ आणि कडेचा खालचा ३ मिलिमीटर भाग पुसून कोरा करा. पाठ कोरी ठेवण्याची दोन कारणं आहेत: शेल्फला चिकटू नये आणि पुढे फलकावर नीट बसावी. झिलई गोळा होऊन मधे टक्कल पडलं तर तिथे धूळ किंवा बोटाचं तेल होतं. बारीक जाळीच्या तडा आल्या तर झिलई मातीपेक्षा जास्त आक्रसली आहे. भांड्याला तो दोष ठरतो, भिंतीवरच्या फलकाला चालतो.

फोटो टाइलवर आणायचा असेल तर एक खास सोय आहे. काही कृष्णधवल लेझर प्रिंटरच्या काळ्या टोनरमध्ये लोह ऑक्साइड असतं. अशा प्रिंटरवर वॉटरस्लाइड डेकल कागदावर (पाण्यात भिजवला की छापलेली पातळ फिल्म सुटते असा कागद) फोटो छापला आणि झिलई भाजून झालेल्या टाइलवर तो पाण्यात भिजवून सरकवला की १०४० अंशांच्या आसपासच्या तिसऱ्या भाजणीत कागदावरची फिल्म जळून जाते आणि लोह झिलईत उतरतं. काळा फोटो तांबूस-तपकिरी होतो, जुन्या तसबिरीच्या रंगाचा. सगळ्या टोनरमध्ये लोह नसतं. टोनरच्या सुरक्षापत्रकात आयर्न ऑक्साइडचं नाव शोधा आणि एका फुटक्या टाइलवर आधी चाचणी घ्या. डेकल सुलटाच छापायचा, उलटा नाही. नऊपैकी एका टाइलवर, फार तर दोन टाइल्सवर फोटो पुरे.

फुटलेल्या बरणीचे तुकडे फलकात घ्यायचे असतील तर ते भट्टीत घालू नका. वर्षानुवर्षांचं तेल आणि मीठ त्यांत मुरलेलं असतं. असे तुकडे भाजताना धूर येतो, ते फुटतात आणि शेजारचं कामही खराब करतात. ते आठ-दहा दिवस पाण्यात ठेवा, पाणी रोज बदला, मग पूर्ण सुकवा. एवढं न केल्यास पावसाळ्यात मीठ पांढऱ्या बुरशीसारखं बाहेर येतं.

फलाट

टाइल्स हातात आल्यावरच फलाट बनवा. १२ मिलिमीटरचा मरीन प्लाय तळाला, त्यावर ९ मिलिमीटरचा दुसरा प्लाय, आणि वरच्या प्लायमध्ये टाइल्ससाठी चौकोनी खिडकी. १५ सेंटिमीटरच्या तीन टाइल्स, मधल्या दोन फटी ३ मिलिमीटरच्या आणि दोन्ही कडांना ३ मिलिमीटर, म्हणजे खिडकी ४६.२ सेंटिमीटरची. तुमच्या टाइल्स खऱ्या किती भरल्या ते मोजूनच सुताराला माप द्या. दोन्ही प्लाय सरस आणि स्क्रूनं जोडा, मागून ४० बाय २० मिलिमीटरच्या सागवानी पट्ट्यांची चौकट मारा. चौकटीशिवाय प्लाय पहिल्याच पावसाळ्यात वाकतो. सगळं मिळून वजन बारा किलोच्या आसपास जातं.

खिडकीच्या आतल्या भागावर चिकटपट्टीनं कागद लावून तो झाका. तिथे लाकूड कोरंच राहायला हवं. बाकी पृष्ठभागावर पांढऱ्या ॲक्रिलिक गेसोचे, म्हणजे रंगाआधी द्यायच्या अस्तराचे, तीन हात द्या, प्रत्येक हातानंतर २२० नंबरच्या पॉलिश पेपरनं घासा. प्लायच्या कडा आणि पाठही रंगवा, ओलावा तिथूनच शिरतो.

चित्र

रंग कोणते घ्यायचे हे टाइल्स सांगतील. त्या शेजारी मांडा आणि त्यांच्यातले तीन रंग आधी जुळवा: भाजक्या मातीचा लाल, एन्गोबचा पांढरा, अक्षरांचा काळा. लाल रंग जुळवायचा सर्वांत चांगला मार्ग म्हणजे तीच माती वापरणं. जादा टाइल खलबत्त्यात कुटा, मलमलीतून गाळा, आणि एक भाग पुडीला दोन भाग ॲक्रिलिक मॅट मीडियम, म्हणजे पूड धरून ठेवणारं बिनरंगाचं ॲक्रिलिक, घाला. दुकानातल्या कुठल्याही लाल रंगाला टाइलशी असं नातं सांगता येत नाही. सोबत गेरू, पेवडी, खडूची पूड आणि काजळी याच बेतानं कालवता येतात. निळा एकच घ्या, भिंतीच्या चुन्यातल्या निळीच्या जवळचा.

मांडणी सोपी ठेवा. टाइल्स डावीकडे असतील तर उजवीकडे खिडकी आणि आजी. टाइल्सच्या फटींच्या दोन आडव्या रेषा पेन्सिलनं चित्रात पुढे ओढा. खिडकीचा गज किंवा फळीची कड त्या रेषेवर बसवली की टाइल्स वेगळ्या चिकटवल्यासारख्या वाटत नाहीत. उजेड आत्यानं सांगितला त्या बाजूनंच टाका, कारण घरातले लोक पहिल्यांदा तेच तपासतात. चेहरा जमत नसेल तर पाठमोरी आजी रंगवा. अंबाडा, मानेचा बाक, पदराची खोच यांवरून घरची माणसं तिला ओळखतात.

चित्रात फोटो किंवा कागदाचा तुकडा उतरवायचा असेल तर लेझर प्रिंट उलटा काढा, जागेवर ॲक्रिलिक जेल मीडियमचा सारखा थर द्या, प्रिंट पालथा दाबा, चोवीस तास सोडा आणि ओल्या बोटानं कागद चोळून काढा. टोनर तिथेच राहतो. इंकजेट प्रिंट वापरल्यास शाई पसरून डाग पडतो.

सांखेड्याच्या कामात कथिलाचा चंदेरी रंग लाखेखाली गेला की सोनेरी दिसतो. तीच युक्ती पाळण्याच्या किंवा दागिन्याच्या जागी वापरता येते. नकली चांदीचा वर्ख चिकटवा आणि वरून चपडा लाखेचे दोन पातळ हात द्या. १०० ग्रॅम चपडा ५०० मिलिलिटर स्पिरिटमध्ये रात्रभर विरघळवून गाळून घ्यायचा. स्पिरिटनं ॲक्रिलिक रंग मऊ पडतो, त्यामुळे ब्रश वर्खाच्या बाहेर जाऊ देऊ नका आणि एका जागी दोनदा फिरवू नका.

तैलरंग वापरायचे असतील तर ॲक्रिलिकच्या वर. तेलाच्या थरावर ॲक्रिलिक धरत नाही, काही महिन्यांत सालपटं निघतात. शेवटी चित्राला मॅट ॲक्रिलिक व्हार्निशचे दोन हात. बिनझिलईच्या टाइलवर व्हार्निश लावू नका, मातीचा कोरडा रंग जाऊन ती ओली आणि प्लास्टिकसारखी दिसते.

जोडणी आणि टांगणी

प्लायमधल्या खिडकीतला कागद काढा आणि फलक आडवा ठेवा. टाइलच्या पाठीची धूळ कोरड्या ब्रशनं झाडा. न्यूट्रल सिलिकॉनच्या पाच-सहा उभ्या रेघा टाइलच्या पाठीला द्या, दोन रेघांत अडीच सेंटिमीटर अंतर. सिलिकॉन हवेतल्या ओलाव्यानं घट्ट होतं. सगळीकडे फासलं तर मधला भाग आठवडाभर ओला राहतो. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन घेऊ नका, ते पितळ आणि चुन्याला खातं. फेविकॉलही नको, तो पाणी उडून सुकतो आणि उन्हाळ्यात वजनाखाली सरकतो. बरणीच्या तुकड्यांना दोन भाग कालवायचा अ‍ॅराल्डाइट चांगला. दोन टाइल्समध्ये ३ मिलिमीटरचे प्लास्टिक स्पेसर ठेवा आणि फलक तीन दिवस हलवू नका. फटी तशाच मोकळ्या ठेवल्या तरी चालतात. भरायच्या असतील तर त्याच मातीची पूड आणि मॅट मीडियमचा लगदा वापरा, पांढरं सिमेंट नको. पांढरी जाळी दिसली की टाइल्स बाथरूमची आठवण करून देतात.

टांगायला वरून एक तृतीयांश अंतरावर दोन जाड डी-रिंग, प्रत्येकी २० किलो पेलणाऱ्या. नव्या सिमेंटच्या भिंतीत ८ मिलिमीटरचा प्लग आणि ५० मिलिमीटरचा स्क्रू पुरतो. जुन्या वाड्याच्या चुन्याच्या गिलाव्यात निदान ७५ मिलिमीटरचा स्क्रू घ्या, म्हणजे तो गिलाव्यापलीकडे विटेपर्यंत पोहोचतो. मागे खालच्या कोपऱ्यांना रबराचे छोटे तुकडे चिकटवा म्हणजे भिंत आणि फलकात हवा खेळते. ज्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते तिथे लावूच नका.

पाठीवर पेन्सिलनं लिहून ठेवा: फलकात कोण आहे, वस्तू कोणाची, मोडी मजकूर काय म्हणतो, माती आणि झिलई कुठली, भाजणी किती अंशांना. साफ करायला मऊ कोरडा ब्रश, ओलं फडकं नाही. उरलेल्या दोन-तीन टाइल्स आणि मातीच्या लाल रंगाची छोटी बाटली नाव लावून जपा. टाइल फुटली तर बारीक तारेनं सिलिकॉन कापून ती काढता येते आणि दुसरी त्याच जागी बसवता येते.